अक्षता पडतात तेव्हा चित्र का फुटते?

आमच्या घरी काकाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे. साल १९९४. तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये हळदीच्या रात्री आजी जात्यापाशी बसून ओव्या म्हणते. सगळी मिळून चार मिनिटे असतील. आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज तेवढ्या चार मिनिटांपुरताच उरला आहे.

घरातला व्हीसीआर बंद पडला तेव्हा आम्ही ती कॅसेट एका दुकानात देऊन डीव्हीडी करून आणली. सगळे जण टीव्हीपुढे बसलो. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या आणि चित्र फुटले. नवरानवरी, भटजी, मामा, सगळ्यांचे चौकोन चौकोन झाले. आजीच्या ओव्यांपाशी पोचलो, तर चाळीसच्या पिवळ्या बल्बच्या उजेडात तिचा चेहरा मेणाचा असावा तसा सपाट. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, ‘‘कॅसेटच जुनी हो, साहेब. तिच्यात आहे तेवढेच येणार.’’

आम्हालाही ते पटले. पुढे एका मित्राकडचा चालू व्हीसीआर मिळाला म्हणून कॅसेट पुन्हा लावली. रंग उडालेले होते, मधूनमधून पांढऱ्या रेघा येत होत्या. पण चौकोन एकही नव्हता. आजीच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसत होत्या. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हता. कॅसेटपासून तबकडीपर्यंतच्या वाटेत काहीतरी सांडले होते.

ते काय सांडले, आणि किती वाचवता आले असते? हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. गावाकडे आईवडिलांकडे डीव्हीडी प्लेअर असतो, त्यांना फोनवरचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर बघायचा असतो. कुणाला बारशाची, मुंजीची, साठीशांतीची तबकडी करून नातेवाइकांना द्यायची असते. ‘दर्जा न घालवता व्हिडिओ डीव्हीडीवर कसा घ्यायचा’ याचे उत्तर मिळवायचे, तर आधी डीव्हीडी चित्र साठवते कसे हे समजून घ्यायला हवे.

अडीच मिनिटांची तबकडी

एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे सुमारे ३,७६० कोटी बिट. आकडा प्रचंड वाटतो. आता चित्राचा हिशेब करू. आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीत डीव्हीडीचे एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नीट लिहायला २४ बिट लागतात. गुणाकार केला तर दर सेकंदाला सुमारे २४ कोटी ९० लाख बिट होतात. या वेगाने अख्खी डीव्हीडी अडीच मिनिटांत भरेल. मंगलाष्टकेसुद्धा पुरी होणार नाहीत.

तरीही बाजारातल्या डीव्हीडीवर दोन तासांचा सिनेमा बसतो आणि डोळ्यांना खटकत नाही. ही जादू तीन पायऱ्यांनी होते, आणि पहिली पायरी आपल्या डोळ्यातच आहे.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. वस्तूची कड, रेघ, केसांची बट आपण ओळखतो ती मुख्यत: उजेड कुठे कमी आणि कुठे जास्त यावरून. रंग मात्र कळतो तो या तीन प्रकारच्या पेशींच्या संदेशांमधल्या फरकावरून. त्यातही निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दहात एकसुद्धा भरत नाहीत. परिणाम असा, की उजेडातला बारीक फरक आपण चटकन पकडतो. रंगातला बारीक फरक आपल्या लक्षातही येत नाही. लहान मुलाने चित्राची रेघ नीट काढून रंग थोडा रेघेबाहेर सांडला तरी चित्र ओळखू येते, तसेच हे.

डीव्हीडी याचाच फायदा घेते. प्रत्येक ठिपक्याचा उजेड ती वेगळा नोंदवते, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. एवढ्याने माहिती निम्म्यावर येते. अडीच मिनिटांची तबकडी पाच मिनिटांची होते आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

बंगळूरुच्या गणितज्ञाची देणगी

दुसरी पायरी गणिताची. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले चौसष्ट आकडे जसेच्या तसे न लिहिता ‘सरासरी उजेड एवढा, डावीकडून उजवीकडे हळूहळू बदल एवढा, त्याहून दाट बदल एवढा’ अशा भाषेत लिहायचे. भिंत, आकाश, शेला, गाल यांच्या चौकोनांत हळू बदलच जास्त असतो. दाट बदलांचे आकडे शून्याच्या आसपास येतात. ते ढोबळ करता येतात किंवा गाळता येतात.

या पद्धतीला ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. ती सुचली बंगळूरुत जन्मलेल्या नासिर अहमद यांना. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचा विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज फोनमधला जेपेग फोटो, डीव्हीडीवरचा सिनेमा, इंटरनेटवरचा व्हिडिओ या सगळ्यांच्या पोटात हेच गणित किंवा त्याचे भावंड असते.

तिसरी पायरी काळाची. लग्नात भटजी मंत्र म्हणत आहेत, मागचा पडदा तोच, खांबही तेच. मग सेकंदाला पंचवीस वेळा तोच पडदा कशाला लिहायचा? म्हणून डीव्हीडीवर साधारण अर्ध्या सेकंदातून एकदाच पूर्ण चित्र लिहिले जाते. मधल्या चित्रांत फक्त ‘काय हलले, कुठून कुठे गेले’ एवढीच नोंद असते. हात हलला तर ‘हा तुकडा चार ठिपके उजवीकडे’ असे लिहून भागते.

या तिन्ही पायऱ्यांचा मिळून जो नियमसंच झाला त्याचे नाव एमपेग-२. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानच्या बाजारात आली ती हाच नियमसंच घेऊन.

आता अक्षतांकडे वळू

भटजींचा हात कुठून कुठे गेला हे एका ओळीत सांगता येते. पण ‘शुभमंगल सावधान’ झाले आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या, की शेकडो दाणे शेकडो दिशांना जातात. मागच्या चित्रातला कोणताच तुकडा पुढच्या चित्रात जसाच्या तसा सापडत नाही. चौकोनाच्या आतही हळू बदल उरत नाही, सगळा दाट बदलच. म्हणजे दोन्ही काटकसरी एकाच वेळी फसतात. त्या दोन-तीन सेकंदांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बिट हवे असतात.

ते मिळाले नाहीत तर संगणक एकच करू शकतो : बारकावे आणखी ढोबळ करायचे. मग प्रत्येक चौकोनात फक्त सरासरी उजेड उरतो आणि शेजारच्या दोन चौकोनांच्या मधली शिवण दिसू लागते. ‘चित्र फुटले’ म्हणताना आपण बघतो ते हे चौकोन. फटाक्यांची आतषबाजी, धबधबा, लुकलुकत्या माळा, डीजेचे दिवे, पावसातली मिरवणूक या सगळ्या ठिकाणी हाच अनुभव येतो.

आजीचा चेहरा सपाट का झाला, त्याचे कारणही याच घरातले. मंद उजेडात काढलेल्या जुन्या कॅसेटच्या चित्रात बारीक खरखर असते, तांदळाच्या पिठासारखी भुरभुर. आपल्याला ती दोष वाटते. संगणकाला मात्र कळत नाही की ही भुरभुर आहे आणि ती आठी. दोन्ही ‘दाट बदल’. बिट अपुरे पडले की तो दोन्ही एकदमच पुसून टाकतो.

पहिला नियम : सहाशेला मिनिटांनी भागा

तेव्हा दर्जाचा पहिला प्रश्न ‘सॉफ्टवेअर कोणते’ हा नसून ‘एका तबकडीवर किती मिनिटे’ हा आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. ६०० ला व्हिडिओच्या मिनिटांनी भागा. उत्तर येईल तेवढे मेगाबिट, म्हणजे तेवढे दहा लाख बिट, दर सेकंदाला चित्र आणि आवाज यांना मिळून वापरता येतात. थोडी जागा मोकळी ठेवूनच हा आकडा काढला आहे.

दोन तासांच्या व्हिडिओला ५ मेगाबिट मिळतात. बऱ्यापैकी. दीड तासाला साडेसहाच्या वर, म्हणजे चांगले. तासाभराला भागाकार १० येतो. पण डीव्हीडीच्या नियमात चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटचीच मुभा आहे, आणि घरी लिहिलेल्या तबकडीवर जुने प्लेअर त्या टोकाला अडखळतात. म्हणून ८ वर थांबावे. आणि तीन तासांना? ३.३ मेगाबिट. आमच्या दुकानदाराने केले ते हेच. तीन तासांचे लग्न एका तबकडीवर कोंबले. आणखी दोन कोऱ्या तबकड्यांचा खर्च वाचला आणि अक्षता फुटल्या.

सॉफ्टवेअरमध्ये दोन फेऱ्यांची सोय असेल (टू-पास असे लिहिलेले असते) तर ती जरूर वापरावी. पहिल्या फेरीत संगणक सगळा व्हिडिओ नुसता बघतो आणि कुठे अक्षता, कुठे शांत मंत्र याची यादी करतो. दुसऱ्या फेरीत शांत जागचे बिट वाचवून ते अक्षतांना देतो. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण तेवढ्याच जागेत चित्र सुधारते. गृहिणी महिन्याचे वाणसामान भरताना सणाचा आठवडा कुठला ते आधी बघून ठेवते, तसेच हे.

आवाजाचाही वाटा आधी बाजूला काढावा लागतो. डीव्हीडीवरचा आवाज सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा असावा लागतो. तो न दाबता ठेवला तर १.५ मेगाबिट खातो. एसी-३ पद्धतीने दाबला तर ०.२ मेगाबिटच्या आत बसतो आणि भाषण, गाणी, सनईचौघडा यांत सहसा फरक कळत नाही. फक्त गाण्याच्या मैफलीची तासाभराची तबकडी करायची असेल, तर जागा असते. तिथे आवाज न दाबता ठेवावा आणि चित्र ८ च्या जरा खाली आणावे.

दुसरा नियम : झेरॉक्सची झेरॉक्स नको

एमपेग-२ गाळते ते कायमचे गाळते. एकदा दाबलेली फाइल उलगडून पुन्हा दाबली, तर दुसऱ्या वेळी ती पहिल्या वेळचे चौकोनसुद्धा ‘चित्राचा भाग’ समजून जपू लागते आणि खऱ्या बारकाव्यांवर आणखी एक कात्री चालवते. झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्सवर अक्षरे जाड आणि कडा फुटक्या दिसतात, तसेच.

घरच्या कामात ही चूक नकळत होते. फोनवर काढलेला व्हिडिओ आपण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवतो. तिथे तो एकदा दाबला जातो. भाचा तो उतरवून घेतो, आधीच्या काटछाटीसाठी एका अ‍ॅपमध्ये टाकतो, तिथे दुसऱ्यांदा. मग डीव्हीडीसाठी तिसऱ्यांदा. प्रत्येक जण म्हणतो, ‘‘मी तर काहीच केले नाही.’’

म्हणून फाइल फोनमधून थेट केबलने घ्यावी किंवा पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. काटछाट मूळ फाइलवर करावी आणि दाबणे एकदाच, अगदी शेवटी, थेट डीव्हीडीच्या साच्यात. आधीच लहान झालेली फाइल मोठ्या आकड्यांनी डीव्हीडीवर लिहिली म्हणून गेलेले परत येत नाही. ताकात पाणी घातल्यावर भांडे मोठे घेऊन उपयोग नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘दर्जा अजिबात न घालवता’ हे शब्द फोनच्या व्हिडिओला लागू पडत नाहीत. फोनच्या फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८० ठिपके असतात. ते डीव्हीडीच्या बरोबर पाच पट आहेत. फोर-के असेल तर वीस पट. एवढे ठिपके डीव्हीडीच्या चौकटीत बसूच शकत नाहीत; कोणत्याही सॉफ्टवेअरने तसा दावा केला तरी. जुन्या व्हीएचएस कॅसेटचे मात्र उलट आहे. तिच्यातला बारकावाच डीव्हीडीपेक्षा कमी असतो. म्हणजे पुरेसे बिट दिले, तर कॅसेट डीव्हीडीवर जवळजवळ आहे तशी उतरते. ‘कॅसेटच जुनी हो’ हे उत्तर म्हणूनच चुकीचे होते.

तिसरा नियम : चाल जुळवा

कधी चित्र फुटत नाही, पण कॅमेरा वळला की झटके बसतात. याचे कारण बिट नसून चाल असते. बरेचसे फोन सेकंदाला ३० चित्रे घेतात. पाल डीव्हीडीला २५ हवी असतात. संगणक दर सहांमागे एक चित्र गाळतो आणि वरात चालण्याऐवजी उड्या मारू लागते. फोनच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय असेल तर कार्यक्रमाआधीच तो निवडावा. नसेल आणि चित्रण झाले असेल, तर डीव्हीडी एनटीएससी पद्धतीची बनवावी. तिची चाल जवळपास ३० आहे. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात. एक तबकडी करून आधी तपासावी. काही फोन उजेडाप्रमाणे चाल मधेच बदलतात. मग तासाभरानंतर ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असे होते. त्यासाठी रूपांतर करताना ‘स्थिर चाल’ निवडावी लागते.

कॅसेटचा प्रकार आणखी निराळा. तिचे प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते : आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या ओळी. जुन्या काचेच्या टीव्हीची ती गरज होती. डीव्हीडीलाही ही पद्धत मान्य आहे. म्हणून कॅसेटवरून घेतलेला व्हिडिओ ‘इंटरलेस्ड’ म्हणून तसाच ठेवावा. सपाट करायच्या नादात निम्मी हालचाल जाते. मात्र वरच्या ओळी आधी की खालच्या, हा क्रम बरोबर असायला हवा. तो उलटा पडला तर नवरदेव दोन पावले पुढे, एक पाऊल मागे असा चालतो. क्रम कळत नसेल तर अर्ध्या मिनिटाचा, चालत्या माणसाचा तुकडा दोन्ही प्रकारे करून टीव्हीवर बघावा. संगणकाच्या पडद्यावर हा दोष नीट कळत नाही.

चौकटीचे प्रमाणही तपासावे. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. तेच ७२० बाय ५७६ ठिपके ४:३ म्हणून ताणायचे की १६:९ म्हणून, हे तबकडीवर एका खुणेने सांगितलेले असते. खूण चुकली की सगळे वऱ्हाड बुटके आणि जाड दिसते. कॅसेटला ४:३, आडव्या धरलेल्या फोनला १६:९. उभ्या धरलेल्या फोनच्या व्हिडिओला दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या येणारच.

तबकडी दिसते, चित्र दिसत नाही

‘फाइल तर डीव्हीडीवर टाकली, संगणकावर दिसते, प्लेअरवर नाही’ ही तक्रार फार ऐकू येते. फोनची एमपी-४ फाइल बहुधा एच-२६४ किंवा त्याहून नव्या पद्धतीने दाबलेली असते. हे नियम डीव्हीडीनंतर आले. जुन्या प्लेअरला ते वाचताच येत नाहीत. मोडीतला कागद फक्त देवनागरी येणाऱ्याच्या हाती द्यावा, तसे होते : मजकूर मराठीच, पण अक्षर लागत नाही. फाइलच्या नावातले ‘एमपी-४’ खोडून ‘एमपेग’ लिहिल्याने अक्षर बदलत नाही.

म्हणून दोन कामे करावी लागतात. पहिले, व्हिडिओचे एमपेग-२ मध्ये रूपांतर. दुसरे, ते प्लेअरला कळेल अशा मांडणीत, ‘व्हिडिओ-टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये रचणे. याला ऑथरिंग म्हणतात. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाल डीव्हीडीचा तयार साचा आहे. डीव्हीडीस्टायलर हेही मोफत असून रूपांतर आणि मांडणी दोन्ही करते, शिवाय पडद्यावर ‘हळद’, ‘मंगलाष्टके’, ‘वरात’ अशी यादीही बनवता येते. हँडब्रेक हे लोकप्रिय सॉफ्टवेअर मात्र इथे उपयोगाचे नाही. ते डीव्हीडीवरून एमपी-४ करते, एमपी-४ वरून डीव्हीडी नाही.

तबकडी लिहिताना सर्वांत जास्त वेग निवडू नये. मधला वेग ठेवावा, शेवटी ‘फायनलाइज’ करावे आणि लिहिलेले तपासून घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती दोन पातळ चकत्यांच्या मधल्या रंगद्रव्याच्या थरात. ऊन आणि उष्णता त्या थराला बाधतात. तबकडी डबीत उभी ठेवावी, गाडीच्या काचेपाशी नको. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये, तोल बिघडतो.

रुग्णालयाची तबकडी वेगळी

याच ओघात आरोग्याशी संबंधित एक गोष्ट. सीटी स्कॅन, एमआरआय किंवा अँजिओग्राफीनंतर मिळणारी तबकडी घरच्या प्लेअरमध्ये घातली की काही दिसत नाही आणि माणसे घाबरतात. ती बिघडलेली नसते. तिच्यात वैद्यकीय चित्रांच्या ‘डायकॉम’ या पद्धतीच्या फाइली असतात आणि त्या बघण्याचे सॉफ्टवेअर बहुधा तबकडीवरच दिलेले असते. ते संगणकावर चालते.

अशा तबकडीचे ‘साध्या डीव्हीडीत’ रूपांतर करून डॉक्टरांकडे नेऊ नये. आपण वर पाहिले की दाबताना ‘दाट बदल’ गाळले जातात. लग्नात ती अक्षता असते. अँजिओग्राफीत तो रक्तवाहिनीचा अरुंद झालेला भाग असू शकतो. शिवाय डायकॉम फाइलमध्ये मापे, तारीख, रुग्णाची ओळखही असते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे तर मूळ तबकडी किंवा तिची जशीच्या तशी प्रत द्यावी. पडद्याचा फोनवर काढलेला व्हिडिओ ही शेवटची सोय.

मूळ टाकू नका

तबकडी झाली की कॅसेट रद्दीत, फोनमधली फाइल डिलीट, ही आपली सवय. तीच सर्वांत महाग पडते. डीव्हीडी ही बघण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी, दोन हार्ड डिस्कवर ठेवावी. वीस वर्षांनी डीव्हीडीही मागे पडलेली असेल. तेव्हा नवी प्रत मूळावरून काढता आली पाहिजे.

कॅसेटच्या बाबतीत तर घाई करायला हवी. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कॅसेट टिकली तरी ती वाचणारे यंत्र मिळेनासे होत चालले आहे. आपल्या पावसाळी हवेत, विशेषत: कोकणात, फितीवर बुरशी धरते. खिडकीतून आत बघितले आणि फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्रात पसरते आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडवते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

दुकानात काम द्यायचे असेल तर तीन प्रश्न विचारावेत. एका तबकडीवर किती मिनिटे घालणार? मधे एमपी-४ करून मग डीव्हीडी करणार की थेट? आणि कॅसेटवरून घेतलेली मूळ फाइल मला हार्ड डिस्कवर द्याल का? शेवटचे उत्तर ‘हो’ असेल तर पहिली दोन चुकली तरी पुन्हा संधी राहते.

आमची कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होती, आईने ती टाकू दिली नव्हती म्हणून वाचली. मित्राच्या व्हीसीआरवरून आम्ही ती पुन्हा संगणकात घेतली आणि एकाऐवजी तीन तबकड्या केल्या, प्रत्येकीवर एक तास. अक्षता आता दाणा दाणा दिसतात असे नाही, पण त्यांच्या मागची माणसे ओळखू येतात.

आणि आजी. ओवी म्हणताना ती मधेच थांबते, कॅमेरा आपल्याकडे आहे हे तिच्या लक्षात येते, ती पदर सावरते आणि हसू दाबून पुन्हा जात्याचा खुंटा धरते. पहिल्या तबकडीत हे हसू नव्हते. ते तिथे आहे, हेच आम्हाला माहीत नव्हते.